श्रावणाचा तिसरा दिवस

उद्या आषाढी अमावास्या, दिव्यांची अवस. घरोघरी समया-निरांजने चिंचेने घासून पाटावर मांडली जातील, कणकेचे गोड दिवे उकडले जातील, आया लेकरांना ओवाळतील. आणि दुपार कलली की पुण्याहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्याला गाड्यांची रांग लागेल, कारण याच दिवसाला आपण गटारीही म्हणतो. वाटेत नाकाबंदी असेल, डिक्या उघडून पाहिल्या जातील, तोंडाशी यंत्र धरून श्वास तपासला जाईल. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यानंतर पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मुळशीसह घाटमाथ्याच्या तालुक्यांतल्या पर्यटनस्थळी दारू नेण्या-पिण्यावर बंदीचे आदेश काढले होते. असा बंदोबस्त हवाच. ओल्या कड्यावर झिंगलेला माणूस स्वतः तर मरतोच, पण त्याला शोधायला दरीत उतरणाऱ्या गावातल्या पोरांचाही जीव टांगणीला लावतो. परवा वर्तमानपत्रांत ‘तळीरामांवर कारवाई’ असा मथळा येईल, किती गाड्या अडवल्या आणि किती दंड वसूल झाला ते छापून येईल, आणि विषय तिथेच संपेल.

आमचा विषय मात्र परवापासून सुरू होतो. परवा श्रावण लागेल. घाटात धिंगाणा घालून गेलेल्यांपैकी बरेच जण मुकाट्याने महिनाभर बाटलीला शिवणार नाहीत. सोमवारचा उपास धरतील, गणपतीपर्यंत कळ काढतील, त्यांना फारसे जडही जाणार नाही. पण त्याच रस्त्याच्या कडेच्या वाड्यावस्त्यांत, ताम्हिणीत, निव्यात, खाली कोळवणात, पौडात आणि पुढे थेट कोथरूडच्या सोसायट्यांत काही माणसे अशी आहेत, ज्यांनी गेल्या श्रावणातही देवापुढे हात जोडून शपथ घेतली होती आणि नागपंचमीच्या आत ती मोडली होती. ती खोटारडी नव्हती. शपथ घेताना डोळ्यांत आलेले पाणी खरे होते. महाराष्ट्र दरवर्षी श्रावणाच्या निमित्ताने आपल्या पिणाऱ्यांची एक परीक्षा घेतो आणि तिचा निकाल मात्र कधी वाचत नाही. जो थांबू शकला त्याला आपण शहाणा म्हणतो, जो थांबू शकला नाही त्याला नालायक म्हणतो. वास्तविक दुसऱ्याला डॉक्टरची गरज आहे, एवढाच त्या निकालाचा अर्थ.

एक खुलासा इथेच करायला हवा. श्रावण निभावला म्हणजे आजार नाही, असे मुळीच समजू नये. महिनाभर दिवस मोजत राहून गौरी-गणपती होताच दुप्पट वेगाने तुटून पडणारेही आजारीच असतात. ‘मी सोडू शकतो, गेल्या श्रावणात सोडली होती की’ हे वाक्य त्यांच्या घरच्यांनी शंभरदा ऐकलेले असते.

मानसोपचारात आता ‘व्यसनी’ हा शिक्का वापरण्याऐवजी पदार्थ-वापराचा विकार असे म्हणतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्यासाठी अकरा लक्षणे ठरवून दिली. वर्षभरात त्यांतली दोन आढळली तरी विकार सुरू झाला असे धरतात. सहा किंवा अधिक आढळली तर तो तीव्र. ही लक्षणे ऐकली तर कुठल्याही मराठी घरातल्या बाईला ती पाठ असल्यासारखी वाटतील. एक पेग म्हणून बसायचे आणि बाटली संपवून उठायचे. कमी करायचे ठरवायचे आणि न जमायचे. सगळा दिवस दारूच्याच विचारात, ती मिळवण्यात किंवा तिच्यातून सावरण्यात जायचा. कामावर दांड्या, मुलाच्या शाळेतल्या कार्यक्रमाला गैरहजेरी. भांडणे होतात हे दिसत असून पिणे. डॉक्टरने यकृताला सूज आहे म्हणून सांगितल्यावरही पिणे. पूर्वी क्वार्टरमध्ये जे होत होते त्याला आता अख्खी बाटली लागणे. आणि न मिळाल्यास हात थरथरणे. यात ‘वाईट चालीचा’ असे लक्षण कुठेही नाही.

मेंदूत सुखाची आणि बक्षिसाची जाणीव करून देणारी एक यंत्रणा आहे. भूक भागल्यावर, लेकराला जवळ घेतल्यावर जे बरे वाटते ते तिच्यामुळे. दारू, गर्द, एमडी (मेफेड्रोन) हे पदार्थ त्या यंत्रणेला इतक्या जोराने आणि इतक्यांदा हलवतात की हळूहळू साध्या गोष्टींनी तिला जागच येत नाही. त्याच वेळी ‘थांब’ म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग दुबळा पडत जातो. म्हणून मनोनिग्रहाचे उपदेश वाया जातात. ज्या अवयवाने निग्रह करायचा, आजार त्यालाच झालेला असतो. हा धोका काहींना जन्मतःच जास्त असतो, कारण त्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा मानला जातो. उरलेल्यात पदार्थ किती सहज मिळतो, कोणत्या वयात हाती आला, बालपणी काय भोगले, मनात आधीपासून उदासी किंवा भीती होती का, हे सगळे येते. एकाच पंगतीत बसलेल्या चार मित्रांपैकी एकच कायमचा अडकतो, तो का, याचे उत्तर इथे आहे.

आता श्रावणाच्या तिसऱ्या दिवसाबद्दल. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

वर्षानुवर्षे सकाळ-संध्याकाळ पिणाऱ्या माणसाने अमावास्येच्या रात्री शेवटचा प्याला घेतला आणि दुसऱ्या दिवशी देवाची आण घेऊन एकदम बंद केले, तर सहा-आठ तासांत हात कापू लागतात. चहाचा कप बशीवर वाजतो. घाम फुटतो, मळमळते, झोप उडते. घरचे म्हणतात, चांगले आहे, विष बाहेर पडतेय. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दोन-तीन दिवस उलटले की काही जणांच्या बाबतीत तो प्रकार सुरू होतो ज्याची आठवण ते घर पुढे कित्येक वर्षे काढत नाही. माणूस रात्री उठून बसतो, भिंतीवरून काहीतरी चालतेय म्हणून झटकत राहतो, गोधडीवरचे न दिसणारे धागे वेचत राहतो. बायकोला ओळखत नाही. दाराशी कोण उभे आहे म्हणून ओरडतो. अंग तापते, छाती धडधडते. घरात म्हातारी म्हणते, बाहेरचे आहे, अमावास्येला रानातून आला होता. भगताकडे माणूस धावतो, अंगारा लावला जातो. पहाटेपर्यंत वाट पाहू म्हणतात, कारण बाहेर ताम्हिणीचा पाऊस असतो.

तो पाऊस म्हणजे काय हे बाहेरच्या वाचकाला आकड्यानेच कळेल. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. मराठवाड्यातल्या काही तालुक्यांच्या वर्षभराच्या पावसाच्या आसपास जाणारा हा आकडा. अशा रात्री वीज नसते, मोबाइलला रेंज नसते, दरड आली तर रस्ताही नसतो. आणि घरातल्या माणसाला जे झालेले असते ती वैद्यकातली खरीखुरी आणीबाणी असते. वेळेवर इलाज झाला नाही तर तिच्यात माणूस दगावतो. इलाज मिळाला तर मात्र बहुतेक जण आठवडाभरात त्यातून बाहेर येतात. डॉक्टर ठरावीक औषधे मोजून देतात आणि दिवसागणिक कमी करत बंद करतात. थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात. गावाकडे ‘बाटली लावा’ म्हणून ग्लुकोजचा आग्रह धरण्याची पद्धत आहे. जुनाट पिणाऱ्याला थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होण्याची भीती असते. हे त्या घराला माहीत असण्याचे कारण नाही. पण सलाईन लावणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्याला सकाळी उठल्या उठल्या हात स्थिर करायला घोट घ्यावा लागतो, ज्याला पूर्वी सोडताना फिट आली होती किंवा भास झाले होते, त्याने श्रावण लागतो म्हणून एकट्याने, एका रात्रीत दारू बंद करू नये. आधी डॉक्टर गाठावा, मग बंद करावी. सोडण्याचा निश्चय पवित्र आहे, पण तो दवाखान्याच्या आधाराने पार पाडायचा आहे. घरात असे कुणी तिसऱ्या दिवशी बडबडू लागले तर भगताच्या आधी १०८ ला फोन लावावा. रुग्णवाहिका फुकट येते.

असे सांगूनही लोक डॉक्टरकडे जात नाहीत, हे आम्हांला माहीत आहे. दिल्लीच्या एम्स संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतले सुमारे २ कोटी ९० लाख तिच्या पूर्ण आहारी गेलेले आहेत. त्या आहारी गेलेल्यांपैकी उपचार किती जणांना मिळाला? ३८ जणांत एकाला. दवाखान्यात राहून उपचार मिळाला तो १८० जणांत एकाला. दुसऱ्या कुठल्या आजाराबद्दल असा आकडा बाहेर आला असता तर विधानसभेत गदारोळ झाला असता. इथे तसे होत नाही, कारण या रोग्याची लाज वाटते. घरची गोष्ट घरात, झाकली मूठ सव्वा लाखाची. नवरा आजारी आहे असे बायको ठेकेदाराला सांगते तेव्हा ती खरे तेच बोलत असते, पण तिला वाटते आपण खोटे बोललो.

दवाखान्याचा रस्ता सोडून माणसे इतर सगळे रस्ते धुंडाळतात. लग्न लावून द्या, सुधारेल. (एका आजारी माणसाच्या उपचाराचा भार एका परक्या पोरीच्या गळ्यात बांधण्याइतका अन्याय दुसरा नाही.) कोंडून ठेवा. दोन द्या ठेवून. आणि ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींचे ते चूर्ण. बसस्टँडच्या भिंतींवर, छोट्या जाहिरातींच्या रकान्यांत त्या वर्षानुवर्षे दिसतात. भाजीत, चहात मिसळून द्यायचे. त्यात काय असते हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते. डायसल्फिराम नावाचे औषध पोटात असताना माणूस प्याला तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणूनच डॉक्टर ते रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच देतात. चोरून देणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. शिवाय रोग्याला ते कळते तेव्हा घरावरचा त्याचा उरलासुरला विश्वासही उडतो.

आणि काही ‘केंद्रे’. गाडी पाठवून माणसाला उचलून नेतात, महिनोन्‌महिने डांबतात, मारतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या विकारांना मानसिक आजारांच्या व्याख्येत घेतले आहे. त्यामुळे अशा केंद्राला राज्य प्राधिकरणाची नोंदणी लागते, रुग्णाला साखळीने बांधता येत नाही, सक्तीने मुंडण करता येत नाही, मारहाणीचा तर प्रश्नच नाही. माणूस दाखल करण्यापूर्वी नातेवाइकांनी नोंदणीचा कागद मागावा, डॉक्टर कोण ते विचारावे, रुग्णाला भेटू देतात का ते पाहावे. भेटू देत नसतील तर परत फिरावे.

हे सगळे पुणे जिल्ह्यात लिहावे लागते याचे दुःख अधिक आहे, कारण याच पुण्याने देशाला चांगला रस्ता दाखवला. १९८० च्या दशकाच्या मध्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पुण्या-मुंबईच्या पोरांना गिळत होती. डॉ. अनिल अवचटांनी त्या पोरांमध्ये जाऊन लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातून मदत देऊ केली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचटांनी त्या मदतीचे चीज केले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. अनिताताई १९९७ मध्ये कर्करोगाने गेल्या, अनिलजी २०२२ मध्ये गेले. त्यांची लेक मुक्ता पुणतांबेकर आणि तिथून बरे होऊन तिथेच कामाला राहिलेली माणसे ते काम पुढे नेत आहेत. तिथला मुक्काम साधारण पस्तीस दिवसांचा. पहिले काही दिवस शरीरातली दारू उतरवण्याचे, डॉक्टरच्या देखरेखीचे. मग योग, गटचर्चा, समुपदेशन, श्रमदान. माणसाच्या घरच्यांनाही बोलावतात, कारण आजार एकाला होतो आणि वाकडे सगळे घर चालू लागते. बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. तिथे बाईला पहिल्यांदा सांगितले जाते की नवऱ्याचे पिणे तुझ्यामुळे नाही. पुढे २००९ मध्ये व्यसनात अडकलेल्या स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग सुरू झाला. या स्त्रिया आकड्यांत थोड्या दिसतात, कारण त्यांच्या वाट्याची लाज पुरुषाच्या कितीतरी पट असते आणि त्यांना दाखल करायला घरचे कुणी येतच नाही.

मुक्तांगणने काही नवे औषध शोधले नाही. तिथे रोग्याशी माणसासारखे बोलले गेले, एवढीच मोठी गोष्ट. जो कालपर्यंत गर्द ओढत होता तो आज नव्याने आलेल्याच्या उशाशी बसतो आणि सांगतो, तिसरी रात्र वाईट असते, मी आहे. हे तत्त्व जुनेच. १० जून १९३५ ही अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या स्थापनेची तारीख मानतात. एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही पिणारे, एकमेकांना सावरत उभे राहिले. आज त्या संघटनेच्या बैठका महाराष्ट्रभर मराठीत भरतात. फी नाही, नाव विचारत नाहीत, फक्त आजचा दिवस न पिता काढायचा.

पण हे ऐकताना मावळातल्या माणसाला नवल वाटणार नाही, कारण त्याच्याकडे माळ आहे. नुकतीच आषाढी झाली. तुळशीची माळ घालून दारू-मटण सोडलेली हजारो माणसे मुळशी तालुक्यात आहेत, आणि ‘माळकरी झाला, घर वर आले’ हे वाक्य इथल्या प्रत्येक भावकीत एखाद्याबद्दल तरी बोलले जाते. माळेने जे साधते ते आधुनिक उपचाराशी फार जवळचे आहे. संध्याकाळ बदलते: गुत्त्याच्या वेळेला हरिपाठ असतो. संगत बदलते. एकादशी पंधरा दिवसांनी परत येते आणि परत आठवण करून देते. दिंडीत बरोबर चालणारे विचारतात, काल का दिसला नाहीस? गाडगे महाराजांनी कीर्तनातून दारूवर तुटून पडताना पिणाऱ्याला बाहेर काढले नव्हते, तो समोरच बसलेला असे. ही शक्ती गावाकडे आयती आहे. आमचे म्हणणे इतकेच की तिच्यात एक उणीव आहे आणि ती भरून काढता येते. ज्याच्याकडून माळ तुटते तो तोंड लपवतो. त्याने देवाचा अपराध केला असे गाव मानते, तोही मानतो, आणि त्या लाजेपायी अधिक पितो. वास्तविक व्यसनाचा आजार उलटतो. रक्तदाब, दमा यांसारखे दीर्घ आजार जसे पथ्य सुटले की डोके वर काढतात, तसाच हाही काढतो. बरे झालेल्यांपैकी पुष्कळ जण मधे एक-दोनदा घसरलेले असतात. भजनी मंडळाच्या बुवांनी घसरलेल्याच्या दारी स्वतः जाऊन ‘माउली, उद्या या’ म्हटले आणि पौडच्या दवाखान्यापर्यंत सोबत केली, तर त्या एका फेरीचे मोल फार मोठे होईल.

राम गणेश गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’मध्ये ही लाज माणसाला पुन्हा प्याल्याकडे कशी नेते तेच दाखवले होते. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते नाटक रंगभूमीवर आणले. वर्तमानपत्रांनी त्यातला तळीराम उचलला आणि शंभर वर्षे त्याच्या नावावर हसे पिकवले. सुधाकर मात्र विसरला गेला. सुधाकर हुशार वकील आहे, तो मध्यंतरी दारू सोडतो, काम मागायला दारोदार जातो, आणि जुने ओळखीचे त्याला हिडीसफिडीस करून परत पाठवतात. तिथून तो पुन्हा प्याल्याकडे जातो. दवाखान्यातून पस्तीस दिवसांनी परतलेल्या ताम्हिणीच्या पोराला हॉटेलमालक, ट्रॅव्हल्सवाला, ठेकेदार कामावर उभा करतो की नाही, यावर त्याचे पुढचे वर्ष ठरते.

आणि काम म्हटले की मुळशीचे दुखणे आलेच. दोन-तीन दशकांत इथल्या जमिनी फार्महाऊस, रिसॉर्ट, प्लॉटिंगमध्ये गेल्या. एकरकमी पैसा आला, भात लावायचे हात मोकळे झाले. २०१८ मध्ये आलेल्या ‘मुळशी पॅटर्न’ने त्यातली गुन्हेगारीची बाजू मोठ्या पडद्यावर दाखवली, पण ज्यांनी कुणावर हत्यार उगारले नाही, फक्त रोज थोडे थोडे पीत राहिले, त्यांच्यावर सिनेमा निघत नाही. पर्यटनाने रोजगार दिला हे खरे. त्याच पर्यटनाने दारू रोजच्या कामाचा भाग केली हेही खरे. वेटर, रूमबॉय, जीपचालक, तंबू लावणारी पोरे शनिवार-रविवारी बाटल्यांच्या राशीत वावरतात, उरलेले त्यांच्याच हाती येते, टिपच्या पैशांना संध्याकाळपर्यंत पाय फुटतात. सोमवारी सकाळी पाठीवर पोते घेऊन रिकाम्या बाटल्या वेचणारी लहान मुले ज्यांनी घाटात पाहिली आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. कातकरी वस्त्यांवर तर हातभट्टीचा फुगा धान्याच्या आधी पोहोचतो.

दारूच्या जोडीला आता एमडी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर पुणे पोलिसांनी छापा घातला आणि मेफेड्रोनचा हजारो कोटींचा साठा उघडकीला आणला. माल पकडणे पोलिसांचे काम आहे, ते त्यांनी करावे. पण ज्याच्या मुलाला ती पूड लागली आहे तो बाप पोलिसांच्या भीतीने दवाखान्यातही जात नाही. त्याने एवढे लक्षात ठेवावे: १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच, ६४-अ कलमात, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनग्रस्ताला स्वतःच्या वापराच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातल्या खटल्यापासून संरक्षण दिले आहे. कायदा दवाखान्याच्या दारात आडवा उभा नाही.

दारूबंदीचे काय, हा प्रश्न इथे येणारच. गावातल्या महिलांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ करावी आणि दुकान बंद पाडावे, ही तरतूद महाराष्ट्रात आहे आणि अनेक गावांनी ती वापरून दाखवली आहे. आम्ही त्या बायांच्या बाजूचे आहोत. हाताशी दुकान नसले की नवीन पोर अडकायला वेळ लागतो, बऱ्या झालेल्याच्या वाटेतला मोह कमी होतो. पण दुकान बंद झाले म्हणून आधीच आजारी असलेला बरा होत नाही. तो पुढच्या गावी जातो किंवा भट्टीची पितो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती अशीच गरीब आणि अडकलेली होती. गडचिरोलीने दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या पुढाकाराने तिथे लोकांची चळवळ उभी राहिली, १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली, आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ने गावागावांत संघटना करतानाच तालुक्याला व्यसन-उपचाराचे दवाखाने चालवले, गावात शिबिरे नेली. घनदाट जंगलातल्या जिल्ह्याला हे जमले. पुण्याच्या कुशीतल्या मुळशीला न जमण्याचे कारण काय?

ताम्हिणीहून येरवडा पाऊणशे किलोमीटर आहे. मजुरी बुडवून, एसटी बदलून, पावसात, थरथरत्या माणसाला घेऊन एक बाई एवढी लांब जाईल आणि दर आठवड्याला पाठपुराव्यालाही नेईल, ही अपेक्षाच निर्दय आहे. म्हणून मागणी साधी आहे. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस व्यसन-उपचाराची ओपीडी असावी. दारू उतरवण्यासाठी लागणारी औषधे आणि थायमिन तिथे कायम असावे, दोन खाटा राखून ठेवाव्यात. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेटसारखी औषधे आता उपलब्ध आहेत. ती मुळशीकराला पुण्यात जाऊनच मिळावीत असा काही नियम नाही. घाटमाथ्याच्या गावांत पंधरा दिवसांतून एकदा फिरते पथक यावे. आशाताई घरोघरी जातातच. त्यांना चार प्रश्न शिकवावेत. पिणे कमी करावे असे कधी वाटले का? कुणी टोकले तर राग येतो का? पिण्यावरून मनाला खाते का? सकाळी उठल्यावर घोट लागतो का? चारांपैकी दोनांना ‘हो’ आले की त्या माणसाचे नाव गावात न फोडता डॉक्टरकडे पोहोचावे. आशाताईंना या कामाचा मोबदलाही द्यावा. फुकटच्या कामांची त्यांच्यावर आधीच खैरात झालेली आहे.

१५ ऑगस्टला ग्रामसभा भरेल. ताम्हिणीच्या, निव्याच्या, मुळशीतल्या प्रत्येक गावाच्या सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आमची विनंती आहे की या मागणीचा ठराव त्या दिवशी विषयपत्रिकेवर घ्यावा आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे व जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवावा. ठराव मांडायला एखादी बाई उभी राहिली तर तिचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे. ताम्हिणीच्या विंझाई देवीच्या देवळात आठवड्यातल्या एका संध्याकाळी सोडू इच्छिणारे आणि सोडलेले एकत्र बसले, तर देवीची काही हरकत असणार नाही.

शेवटी वाचणाऱ्याशी दोन शब्द. तुम्ही स्वतः रोज पीत असाल आणि परवापासून सोडायचे ठरवले असेल तर आज, श्रावण लागण्याच्या आधी, डॉक्टरला भेटा. घरात कुणी पीत असेल तर त्याच्याशी सकाळी, तो शुद्धीवर असताना, एकट्याने बोला. रात्री, चारचौघांत नको. आणि तो तयार नसला तरी तुम्ही मदत घेऊ शकता. केंद्र सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे. मनाच्या कुठल्याही दुखण्यासाठी टेलि-मानस १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. दोन्ही फोन मोफत आहेत.